अझहर नावाचं पॅकेज

यशराने सॉफ्टवेअरच्या एका तुकड्याला आपल्या भावाचं नाव दिलं, तेव्हा ऑफिसात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तिचा भाऊ अझहर मुरुडहून दोन खलाशांसोबत मासेमारीला गेला होता. ऑक्टोबरात अचानक वारं फिरलं. समुद्रात असलेल्या होड्या एकेक करून परतल्या. मागेपुढे व्हायचंच, म्हणून घरीही कुणी घाबरलं नाही. एक होडी आलीच नाही हे बंदरावर दुसऱ्या दुपारी कळलं. कोण गेलं, कोण आलं, हे बघणारं तिथे कुणी नव्हतं. शोध घेणारे निघाले तोवर फार उशीर झाला होता.

यशरा तेव्हा अलिबागला ऋत्विकच्या छोट्या कंपनीत प्रोग्रामर होती. वर्षभरात तिने एक प्रोग्राम लिहिला, 'अझहर' नावाचा. होडी निघाली की नोंद, वाऱ्याचा अंदाज, परतायची वेळ. उशीर वाढायला लागला की मच्छीमार सोसायटीच्या माणसांचे फोन आपोआप वाजायचे. ऋत्विकला तो बघताक्षणी आवडला. "हेच आपण विकायचं," तो म्हणाला. "रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक सोसायटीला."

कंपनीचे असे स्वतःचे तुकडे, म्हणजे पॅकेजं, ठेवायला यशराने एक खाजगी कोठार, म्हणजे रिपॉझिटरी, उभी केली. प्रोग्रामर मंडळी सगळंच नव्याने लिहीत नाहीत. जगभरच्या लोकांनी लिहिलेली पॅकेजं एका मोठ्या सार्वजनिक रिपॉझिटरीतून कुणालाही उतरवून घेता येतात. कंपनीची मात्र आपल्या कुलपात ठेवायची असतात. यशराने ते कुलूप नीट बसवलं होतं. एकच गोष्ट राहिली होती आणि ती तिने ऋत्विकला दोनदा सांगितली होती.

"आपल्या पॅकेजांची नावं सार्वजनिक ठिकाणीही आपल्या नावावर करून ठेवू. पॅकेजं उतरवून चढवणारा आपला इन्स्टॉलर दोन्हीकडे शोधतो आणि जिथे नवी आवृत्ती दिसेल तिथून उचलतो. उद्या त्याच नावाचं पॅकेज कुणी बाहेर ठेवलं तर आपल्याकडे तेच येईल."

"अझहर नावाचं पॅकेज कोण कशाला ठेवेल?" ऋत्विक हसला होता. "नंतर बघू."

पुढे गुंतवणूकदार येऊ लागले. ऋत्विकने तिच्याकडे भावाचा फोटो मागितला. "पहिल्या स्लाइडवर टाकतो. लोकांच्या काळजाला भिडेल."

"नाही," यशरा म्हणाली. "अम्मीला चालणार नाही. मलाही नाही."

त्याने पुन्हा विचारलं नाही. पंधरवड्यानंतर एका सकाळी तिचा पासवर्ड चालेना. तिनेच उभ्या केलेल्या रिपॉझिटरीने तिला आत घेतलं नाही. मग मेल आला, तुमच्या पदाची आता गरज उरलेली नाही. ती मुरुडला घरी परत आली.

नोकरी गेल्याचं तिने गिळलं असतं. पण जूनमध्ये तिथली जुनी सहकारी प्रणाली हिने तिला एक व्हिडिओ पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं, 'तुला माहीत असावं म्हणून.'

मोठ्या हॉटेलातलं स्टेज. ऋत्विकच्या मागे पडद्यावर अझहरचा फोटो, कुणाच्या तरी फेसबुकवरून काढलेला. "हा माझा जिवलग मित्र," ऋत्विक म्हणत होता. त्याचा आवाज मुद्दाम जड झाला होता. "वादळात सापडल्यावर त्याने शेवटचा फोन मला केला. त्या दिवशी मी ठरवलं..."

समोरचे लोक टाळ्या वाजवत होते. ऋत्विकने अझहरला कधी पाहिलंही नव्हतं.

यशराने व्हिडिओ पूर्ण पाहिला, परत पाहिला आणि अम्मीसमोर ठेवला. अम्मी, म्हणजे रेहाना, मोबाइल पालथा घालून बसली. मग म्हणाली, "हा माणूस मुरुडला येणार हाय का कधी?"

"येणार. महिनाअखेरीस, सोसायटीत प्रोग्राम दाखवायला."

"मग मला घेऊन चल."

यशराने त्याआधीची सगळी तयारी शांतपणे केली. ऋत्विकची खोड तिला ठाऊक होती. प्रत्येक सोसायटीत तो कोरा लॅपटॉप काढायचा आणि 'बघा, तुमच्या डोळ्यांदेखत चढवतो' म्हणत सगळं नव्याने उतरवायचा. तिने सार्वजनिक रिपॉझिटरीत स्वतःच्या नावाने खातं उघडलं. तिथे 'अझहर' हे नाव अजून मोकळं होतं. तिने ते घेतलं आणि आवृत्तीचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कितीतरी वर ठेवला. त्या पॅकेजात कशाचीही मोडतोड करणारी एकही ओळ नव्हती. ते पडद्यावर तीन ओळी दाखवून थांबणार होतं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू होती, सगळ्या होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या. एकाही माणसाला धोका नव्हता. असता तर तिने दुसरी वाट शोधली असती. शोधली असतीच, थांबली नसती.

सोसायटीचा हॉल भरला होता. अध्यक्ष शिवदास यांनी रेहानाला पुढच्या खुर्चीवर बसवलं. ऋत्विकने यशराला पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा बदलला, मग तो हात जोडून हसला. तिच्या आईला त्याने ओळखलं नाही.

बोलता बोलता तो मुरुडात बसून मुरुडच्या लोकांना अझहरची गोष्ट सांगू लागला. 'शेवटचा फोन' तेवढा त्याने गाळला. बहुधा यशरा समोर होती म्हणून.

"आता बघा, तुमच्या डोळ्यांदेखत," असं म्हणून त्याने बटण दाबलं.

भिंतीवर ओळी सरकत गेल्या, थांबल्या. मग मोठ्या अक्षरांत उमटलं:

'अझहर नजमुद्दीन, मुरुड.
ऋत्विक त्याला कधीही भेटलेला नाही.
हा प्रोग्राम त्याच्या बहिणीने, यशराने लिहिला.'

ऋत्विकने पडद्यावरची खिडकी बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. मागच्या रांगेतल्या कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"तांत्रिक अडचण आहे," तो म्हणाला. "एक मिनिट."

"थांबा जरा." शिवदास उठले. "हे खरं हाय का खोटं?"

तेवढ्यात यशराने मोबाइल माइकजवळ धरला आणि व्हिडिओ लावला. 'त्याने शेवटचा फोन मला केला,' ऋत्विकचाच आवाज हॉलभर झाला.

रेहाना उभी राहिली. ती ओरडली नाही. "तुला फोन केलान ना त्याने? मग सांग, काय बोलला माझा पोर?"

ऋत्विक लॅपटॉपकडे वळला.

"सांग की. मी नमाजला उभी होते, फोन वाजून वाजून बंद झाला. माझ्याशी बोलता आला नाय त्याला. तुझ्याशी बोलला ना? काय बोलला?"

ऋत्विकने लॅपटॉप मिटला आणि वायर तशीच लोंबत ठेवून तो दाराकडे निघाला. त्याला वाट द्यायला कुणी सरकलं नाही. अंग चोरत, 'माफ करा, माफ करा' म्हणत त्याला बाहेर पडावं लागलं. यशरा तो दाराबाहेर जाईपर्यंत बघत राहिली. तिला जे हवं होतं ते हेच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ते पॅकेज काढून टाक. वकिलाची नोटीस पाठवीन."

"पाठव. आणि माझ्या भावाला ओळखत होतास हे कोर्टात शपथेवर सांग."

नोटीस आली नाही. पॅकेज मात्र त्याच्या तक्रारीवरून सार्वजनिक रिपॉझिटरीच्या लोकांनी काढून टाकलं. ही गोष्ट गावाबाहेरही पसरली, आणि बेलापूरच्या दोन कंपन्यांनी यशराच्या नोकरीसाठी ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या. ती त्याबद्दल हळहळली नाही. तिला लागलं ते प्रणालीचं बोलणं. इन्स्टॉलरच्या सेटिंगचा ठपका ठेवून ऋत्विकने प्रणालीलाच कामावरून काढलं होतं.

"तू मला आधी सांगायला हवं होतंस," प्रणाली म्हणाली. "व्हिडिओ मी दिला होता."

"हवं होतं," यशरा म्हणाली. "तुझी माफी मागते. त्याची नाही मागणार."

प्रणालीने महिनाभर फोन उचलला नाही. मग एक दिवस स्वतःच मुरुडला आली. दोघींनी मिळून सोसायटीसाठी सगळं पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायला घेतलं.

पण यशराचं अजून संपलेलं नव्हतं. ऋत्विकने व्हिडिओ इंटरनेटवरून काढून टाकला होता. तिच्याकडे तो होता. तिने एसटी पकडली आणि किनाऱ्यावरच्या सोसायट्या एकेक करून पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी अध्यक्षाला भेटून व्हिडिओ दाखवायचा, आपण कोण ते सांगायचं आणि निघायचं. काही विकायचं नाही, काही मागायचं नाही. कुणी चहा दिला तर घ्यायचा.

सप्टेंबरात ऋत्विक नवा सूट घालून श्रीवर्धनला पोचला. हॉलमध्ये होडीवाले आधीच येऊन बसले होते. अध्यक्षांनी त्याला आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "अझहरचे मित्र ते तुम्हीच ना?"