तळ्याची एक फेरी

आईला तळं दाखवायला न्यायचं, असं माझ्या नवऱ्यानं आणि नणंदेनं ठरवलं तेव्हाच मला शंका आली. ज्यांना आईला दवाखान्यात न्यायला सवड होत नाही, त्यांना एकाएकी निसर्गाचा पुळका?

कारण साधं होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई एकट्या राहतात. हल्ली फोनवर त्यांचं एकच पालुपद, "गुडघा फार दुखतो रे." म्हणजे मला तुमच्याकडे न्या. हे सगळ्यांना कळत होतं आणि सगळे गुडघ्याबद्दलच बोलत होते. नवरा म्हणे, ताईकडे लिफ्ट आहे. ताई म्हणे, तुझ्याकडे खोली रिकामी आहे. मला कोणी विचारलंच नाही. शेवटी तळ्याची वाट निघाली. आई तळ्याभोवतीची अख्खी फेरी चालली तर ती ठणठणीत, विषय संपला.

"सहलही होईल. एका दगडात दोन पक्षी," नणंद म्हणाली. पक्ष्यांसाठी राखीव ठेवलेल्या तळ्यावर निघताना तरी हे बोलू नये.

फाटकावर रखवालदारानं बजावलं, पक्षी अंड्यांवर बसलेत, वाटेवर चकार शब्द काढायचा नाही. माझ्या सासरच्यांना ही जन्मठेपच. तरी दोघं भावंडं आईच्या दोन बाजूंना तोंडावर बोट ठेवल्यासारखी चालू लागली. आई तोल जाऊन कोणाच्या बाजूला पडेल, ही धाकधूक दोघांनाही असावी.

सुरुवातीला सासूबाई चांगल्या लंगडत होत्या. मग लाकडी पुलाखालून एक पाणकोंबडी पिलांची रांग घेऊन निघाली. सासूबाईंनी मुलाचा हात धरला, लेकीला खांद्याला धरून वळवलं आणि बोटानं दाखवलं. कितीतरी वर्षांनी ती दोघं एकाच गोष्टीकडे बघत होती. पुढचा चढ सासूबाई झपाझप चढल्या. नणंदेनं बाकावर बसकण मारली, नवऱ्याच्या तोंडाला फेस आला, आणि सासूबाई पुढे जाऊन हातवारे करतायत, चला, चला! गुडघा साफ विसरल्या होत्या. आई, लंगडा की हो, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण बोलायची चोरी.

बाहेरच्या फाटकाशी नणंदेला वाचा फुटली. "आई, काय चाललीस गं! माझ्यापेक्षा धडधाकट आहेस."

"काळजीच मिटली," नवरा म्हणाला. "आता आणखी दहा वर्षं खुशाल एकटी राहशील."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"तुम्ही दोघं बरोबर होतात, म्हणून चालले रे," त्या म्हणाल्या. "घरी कुणासाठी चालू? स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून स्वयंपाकघरात. मला नाही राहायचं एकटीला."

मी त्यांचा हात धरला आणि नवऱ्याकडे रोखून बघितलं. त्यानं घसा खाकरला.

"आई, तू आता एक पाऊलही चालू नकोस हं, दमली असशील. मी गाडी घेऊन येतो," म्हणाला आणि पळत सुटला.

"थांब, मीही येते," म्हणत नणंद त्याच्यामागे धावली.

गाडी समोरच उभी होती.