गोमुखासाठी दाखला

शशिकला भित्री नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. दोन हजार पंधराच्या पुरात चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या इमारतीत तीन दिवस वीज नव्हती आणि खाली गाड्या तरंगत होत्या, तेव्हा हिने चौथ्या मजल्यावर पिठलं-भात रांधून शेजारच्या तीन तामिळ घरांना जेवू घातलं होतं. पण फ्रिजच्या दारावर गोमुखाचा नकाशा लागला त्या दिवसापासून ती भ्यायला लागली. दूध काढायला जावं तर नकाशा समोर. त्यावर लाल पेनाने ओढलेली रेघ, गंगोत्रीपासून हिमनदीच्या तोंडापर्यंत.

रेघ ओढणारे तिचे यजमान शरदचंद्र. मोटारींच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासणी खात्यात काढून गेल्या वर्षी निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. दोन वर्षांपूर्वी दोघं रामेश्वरला गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिथली मूठभर वाळू घेऊन आली होती. ती वाळू गंगेत सोडायची, गंगेचं पाणी आणून रामेश्वराला घालायचं, मग यात्रा पुरी. शहाणी माणसं वाळू काशीला नाहीतर प्रयागला सोडतात. पण शरदराव हटून बसले. "गंगा जिथे बर्फातून बाहेर पडते तिथेच सोडणार," म्हणाले. गंगोत्रीहून अठरा किलोमीटर पायी, तेरा हजार फुटांवर.

'काशीस जावे नित्य वदावे' असं मनाशी म्हणत तिने सहा महिने काढले. बोलायला काय जातं, माणूस बोलतो आणि राहून जातं. पण मार्चमध्ये शरदरावांनी टी. नगरच्या एका यात्रावाल्याचा फॉर्म आणला.

"तुझं नाव घालू ना?" त्यांनी विचारलं.

"माझं नको. आणि तुमचंही नको."

त्यांनी एकच नाव घातलं.

आता तिच्या भीतीचं मूळ सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी शरदरावांचे थोरले भाऊ कृष्णकांत सगळ्यांबरोबर सज्जनगड चढत होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "एक मिनिट बसतो." बसले, ते बसलेच. शशिकला पाण्याची बाटली घेऊन दोन पायऱ्या मागे होती. बाटलीचं झाकण उघडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेच रक्त, तोच बांधा, तोच हट्ट. शरदरावांना पायऱ्यांवर पाहिलं की हिचा जीव टांगणीला लागायचा, मग त्या देवळाच्या का असेनात.

फॉर्मसोबत डॉक्टरचा दाखला लागत होता. हृदय ठणठणीत आहे, चढायला हरकत नाही, असा. तिला वाट दिसली ती इथे. त्यांचे नेहमीचे डॉक्टर वेंकटरमण पलीकडच्याच गल्लीत बसत. नवरा बँकेत गेलेला पाहून ती एकटीच दवाखान्यात गेली आणि नंबर येईपर्यंत तिने मिरजेच्या बहिणीला फोन लावला. चेन्नईत एकतीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाला एक खोड लागते. आपली भाषा म्हणजे आपला बंद दरवाजा, असं तो धरून चालतो. भर बसमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, लिफ्टमध्ये, मनात येईल ते मोठ्याने बोलतो. शशिकलाही तशीच बोलली.

"अगं, सरळ सांगणार आहे डॉक्टरांना. ह्यांना दाखला देऊ नका. हृदय खराब आहे म्हणून लिहा. खोटं तर खोटं, पाप माझ्या माथी. तो टी. नगरचा मेला यात्रावाला यांना तिकडे बर्फात पुरून येईल, नाहीतर."

शेजारच्या खुर्चीवर कपाळाला गोपीचंदन लावलेले एक म्हातारे गृहस्थ तामिळ पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. तिने लक्षही दिलं नाही.

डॉक्टरांनी मात्र तिला झिडकारलं. "अम्मा, मी खोटं लिहीत नाही. त्यांना पाठवा. तपासतो, जे निघेल ते लिहितो."

शरदराव मोठ्या दिमाखात तपासणीला गेले. आधी ईसीजी झाला, मग डॉक्टरांनी त्यांना ट्रेडमिलवर चालवायला एका सेंटरमध्ये धाडलं. दोन दिवसांनी दोघं रिपोर्ट घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रवास रद्द करा. चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही. याच आठवड्यात अँजिओग्राफी करून घ्या."

शरदराव उठून बाहेर गेले. शशिकलाला मनातून हायसं वाटलं, अगदी हसू आलं. डॉक्टरांनी शेवटी तिचं ऐकलं म्हणायचं. ती हळूच म्हणाली, "उपकार झाले, डॉक्टर. फार छान बोललात."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "अम्मा, मी नाटक करत नाहीये. हे खरं आहे. तुम्ही आला नसतात तर मी ट्रेडमिलवर पाठवलंही नसतं, ईसीजी पाहून सही केली असती. त्यांना सांभाळा."

बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि ही रिक्षात बसून थरथरत होती. आपण खोटं मागायला गेलो आणि देवाने ते खरं करून हातात ठेवलं, असलं काहीबाही तिच्या डोक्यात फिरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरदराव नाव काढून घ्यायला टी. नगरला गेले. जाताना तोंड उतरलं होतं. दुपारी परत आले ते ताठ चालत, आणि आल्या आल्या त्यांनी रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर टाकला.

"छान केलंस हो, शशी. डॉक्टरांना किती समजावावं लागलं?"

"म्हणजे?"

"यात्रावाले राघोत्तमराव. त्यांची बहीण आपल्या मागच्या गल्लीत राहते. तिला घेऊन ते दवाखान्यात आले होते. तुझ्या शेजारी बसले होते, पेपर वाचत." त्यांनी खुर्ची ओढली. "तंजावूरचे आहेत. घरात तीनशे वर्षं मराठी. तू फोनवर म्हणालीस ते अक्षर न् अक्षर त्यांनी मला सांगितलं. बिचारे संकोचून सांगत होते, 'बाईमाणसाचं बोलणं ऐकिलं, क्षमा असावी, पण तुमचं हृदय चांगलं असता फसवणूक होऊ नये.'"

भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं, पण चेन्नईतल्या भिंतीलाही मराठी कळतं हे तिला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तिने सगळं कबूल केलं. हो, गेले होते. हो, खोटं लिहा म्हटलं. "पण अहो, त्यांनी ऐकलं नाही माझं. हा रिपोर्ट खरा आहे. तुमच्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची नको. त्याच गळ्यासाठी खोटं बोललीस ना?"

ती रडली, चिडली, डॉक्टरांना फोन लावून देते म्हणाली. "त्यांना तर तूच पढवलंयस," एवढंच उत्तर. लांडगा आला रे आला, त्यातली गत झाली. फरक इतकाच की या खेपेला लांडगा घरात शिरलेला होता आणि तो फक्त हिला दिसत होता. कारखान्याच्या जुन्या डॉक्टरकडून दाखला आणायचा, असं शरदरावांनी ठरवून टाकलं. तो ओळखीचा होता, नाडी पाहून सही देणारा.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. ते लोकरी टोप्या, मोजे, काठी यांची यादी करत बसायचे आणि ही स्वयंपाकघरातून त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसायची. आंघोळीला जास्त वेळ लागला की दार वाजवायची. दुपारी डुलकी लागली की जवळ जाऊन छाती हलते का बघायची. अन्न गिळवेना तिला. यांना काही झालं तर ते माझ्या जिभेने झालं, हा एकच विचार तिच्या मनात होता.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पाच किलो तांदळाची पिशवी सॅकमध्ये घातली आणि पाठीला लावली. "चल खाली. लिफ्टने उतरू. मग तुझ्यासमोर चार मजले चढून दाखवतो. तपासणी खात्याचा माणूस आहे मी, डोळ्यांसमोर चाचणी झाली की वाद मिटतो."

"नका हो."

"मग मी एकटा चढेन."

एकट्याला कसं सोडणार? ती पाण्याची बाटली घेऊन मागून निघाली. पहिला मजला त्यांनी झरझर चढला. दुसऱ्यावर कठड्याला हात गेला. त्यानंतर ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायला लागले. ती दोन पायऱ्या मागे होती, आणि आपण दोन पायऱ्या मागे आहोत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने बाटलीचं झाकण सैल केलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. सदऱ्याची पाठ घामाने चिंब झाली होती.

"शशी," ते म्हणाले, "एक मिनिट बसतो."

बाटली तिच्या हातून सुटली आणि गडगडत खाली गेली. तिने ती जाऊ दिली. ती त्यांच्या शेजारी बसली, सॅक ओढून काढली आणि त्यांना अंगाशी धरलं. दुसऱ्या हाताने एकशे आठ लावला. पत्ता सांगताना तिचं तामिळ पूर्वी कधी आलं नव्हतं इतकं भराभर आलं.

"दुखतंय?"

"पोंगलपासून दुखतंय," शरदराव म्हणाले. चेहरा राखेसारखा झाला होता. "जिना चढलो की. डाव्या हातात. सांगितलं नाही कुणाला. रिपोर्ट पाहिला तेव्हा फार घाबरलो गं. दादाच आठवला. मग राघोत्तमराव म्हणाले की बायकोने खोटं लिहवलंय, आणि मला वाटलं, वाचलो. तुझ्यावर ओरडलो, पण आत नुसता आनंद झाला होता."

तिला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, आणि भीती तर त्याहून जास्त वाटली. बोलायचं थांबलं तर हे डोळे मिटतील, एवढंच तिला कळत होतं.

वॉचमन रंगा आणि अॅम्ब्युलन्सची माणसं त्यांना खुर्चीत बसवून खाली घेऊन आली. गाडीत ऑक्सिजन लावला, जिभेखाली गोळी ठेवली. त्यांचे डोळे जड व्हायला लागले. शशिकलाने त्यांचा हात गच्च धरला आणि चार दिवस जिचं तोंड पाहिलं नव्हतं ती यादी विचारायला घेतली.

"टोप्या किती घ्यायच्या? अहो, टोप्या किती?"

"दोन."

"मोजे?"

"चार जोड."

"काठी इथून न्यायची की तिकडे घ्यायची?"

त्यांचे डोळे मिटत चालले. तिने हात हलवला. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फाटला.

"तिकडे," ते म्हणाले.

"आणि वाळू कोण नेणार? तुम्हाला ओझं नाही उचलायचं. मी नेते. राघोत्तमरावांना माझं नाव लिहायला सांगा. पुढच्या वर्षीचं. दोघांचं."

गाडी हॉस्पिटलच्या फाटकात वळली. दार उघडलं, स्ट्रेचर बाहेर ओढलं. ती त्याला धरून पळत होती. आतल्या दारापाशी नर्सने तिला अडवलं. शरदरावांनी मान किंचित वळवली आणि मास्कच्या आतून, तपासणी खात्यातल्या त्या जुन्या आवाजात विचारलं, "दाखला?"

"आणीन," शशिकला म्हणाली. "या खेपेला दोघांचा. खरा आणीन."