अक्षता खाल्लेली मशीन

आमच्या सापगावच्या घरात १९९४ पासून कॉम्प्युटर होता आणि त्याला हात लावायची कोणालाही परवानगी नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाशिंदच्या एका कारखान्यात शिपाई. ऑफिसात नव्या मशिनी आल्या तेव्हा साहेबांनी जुनी ३८६ मॉडेलची मशीन त्यांना देऊन टाकली. तेव्हा अण्णांची मान जी ताठ झाली ती झालीच. तिथला एक कारकून रविवारी येऊन, फ्लॉपी घालून ती चालू करायचा आणि सगळी आळी बघायला जमायची. त्याच वर्षी दसऱ्याला कोयत्या-विळ्यांसोबत तिचीही पूजा झाली आणि पुढच्या रविवारी ती चालू होईना. म्हातारी झाली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग आठ वर्षं तिच्यावर भरतकामाचं कापड आणि दर दसऱ्याला हळदकुंकू. मला ते कापड बघितलं तरी राग यायचा.

२००२ साली शहापूरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स निघाला. मी नाव द्यायला गेले तर सर म्हणाले, "मुलींना हे झेपत नाही, तू टायपिंगला बस." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "घरची बंद मशीन मी चालू करून आणली तर?"

"आण की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आण. चालली तर घेतो," असं म्हणून ते हसले. ते हसणं मी घरी घेऊन आले.

अण्णा पहिल्या पाळीला गेले की मी ते कापड ओढून बाजूला टाकायची. मुरबाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा मामेभाऊ सुनिल दोनदा येऊन गेला. आतली बॅटरी फुटून बोर्डावर हिरवा थर चढला होता, तो मी स्पिरिट आणि ब्रशने घासून काढला. मेमरीच्या पट्ट्यांची टोकं खोडरबराने पुसली, सुनिलने कल्याणहून आणलेली जादा मेमरी बसवली. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा मी ओरडलेच! पण फ्लॉपी काही वाचेना. शेवटी फ्लॉपी घालायचा खणच उघडला. आत हळदीचा चिखल, झेंडूची वाळकी पाकळी आणि तांदळाचे दाणे.

सुनिल हसून खाली बसला. "दामिनी, मशीन म्हातारी नाय झाली गो. तुमी तिला जेवू घातलंत."

मला हसू आलं नाही. आठ वर्षं!

दसऱ्याला अण्णा ताट घेऊन आले आणि उघड्या मशीनसमोर थांबले.

"कापड कोनी काढलं?"

"मी. उघडली, साफ केली, चालू केली. उद्या शहापूरला नेनार."

"हात लावायचा नाय म्हनून सांगितलं व्हतं ना?" त्यांनी अक्षतांची चिमूट उचलली. मी फ्लॉपीच्या फटीवर तळहात ठेवला. सोनं द्यायला आलेली माणसं दारातच उभी राहिली.

"हात काढ. मशीन माझी हाय."

"तुमची हाय ना? मग चालू करून दाखवा."

अण्णा मशीनकडे बघत राहिले. चार माणसांत आपण बापाला उघडं पाडलं, हे मला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं. तरी मी हात काढला नाही. काढला असता तर ती पुन्हा देव्हाऱ्यात गेली असती आणि मी टायपिंगला.

अण्णांनी अक्षता ताटात परत टाकल्या. ताट खाली ठेवलं. कुंकवाची बोटं पँटला पुसून कोरडी केली.

"बटन कुठं हाय गो?" त्यांनी हळूच विचारलं.

"शोधा," मी म्हटलं. "हात लावल्याबिगर नाय सापडायचं."