झडपेवरचा धागा

तिने शेवटची गाठ दातांनी आवळली, उरलेला धागा कापला आणि झडप दोन्ही हातांनी ताणून पाहिली. झडप जागची हलली नाही. जाळ्याच्या गळ्यात तिरक्या बसवलेल्या लोखंडी चौकटीवर ती घट्ट शिवली गेली होती. इथे कधी बाहेर पडायला वाट होती, असं सांगूनही कुणाला पटलं नसतं.

उलट्या टोपलीवर बसलेल्या धाकट्या भावाने विचारलं,

“पक्कं झालं ना, ताई?”

“माझ्या हातचं आहे.”

हे काही खोटं नव्हतं. फक्त धागा त्याने आणलेला नव्हता. जाळं आणताना तो नेहमी वर नायलॉनची हिरवी रीळ ठेवायचा, तशी आजही ठेवली होती. तो डिझेलचा डबा होडीवर ठेवायला गेला, तेवढ्यात तिने ती रीळ पाटाखाली सरकवली आणि त्याच रंगात बुडवून वाळवलेला सुती धागा सुईत ओवला. समुद्रात पहिली ओढ बसली की हा धागा तुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

झडप कासवांसाठी होती. बंदराची बहुतेक कोळंबी ज्या देशात जायची, त्याने कायदाच केला होता: ज्या जाळ्यातून कासवाला सुटता येत नाही, त्या जाळ्यातली कोळंबी आम्हाला नको. मग इथल्या सरकारनेही निर्यातीच्या धोरणात तो नियम जसाच्या तसा उतरवून घेतला. कोळंबी चौकटीच्या गजांमधून आरपार जावी, कासवाने गजांवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर पडावं, अशी योजना. होड्या चालवणाऱ्या तांडेलांचं म्हणणं वेगळं होतं. कासव वर्षातून कधीतरी सुटतं, कोळंबी मात्र रोज पळते, असं ते म्हणायचे. म्हणून तपासणी उरकली की एकेक जण जाळं खांद्यावर टाकून तिच्या शेडमध्ये यायचा, आणि पुढच्या तपासणीआधी टाके उसवून घ्यायचा. तपासनीस हातात कायम मोजपट्टी घेऊन फिरे. त्याला सगळं बंदर फूटपट्टी म्हणायचं, आणि तो कधी येणार हे त्याच्याआधी बंदराला कळायचं.

तरीही धाकटा एकदा सापडला होता. टाके उसवायचे राहिले होते, दुसरं काही नाही. पुन्हा सापडलास तर परवाना कायमचा गेला, अशी तंबी त्याला मिळाली होती.

“या वेळी राहू दे ना उघडी,” ती गेल्याच आठवड्यात म्हणाली होती.

“उघडी ठेवली तर खलाशी टिकायचे नाहीत. त्यांना वाटा मिळतो तो पकडलेल्या मालावर, सुटलेल्यावर नाही.”

पुढे तिने वाद घातला नाही. धाकट्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं. धागा तुटेल, झडप उघडेल, परवाना वाचेल; तो चार शिव्या हासडेल, ताईचे हात आता गेले म्हणेल, असा तिचा हिशेब होता. बंदरात तिच्या टाक्याला तोड नव्हती आणि त्याचा तिला तोरा होता. तो तोरा मोडला तर मोडू दे, इतपत तिने मनाची तयारी केली होती. त्याच आठवड्यात तिने बाकीच्या तांडेलांच्याही झडपा शिवल्या. त्या मात्र नायलॉनने, दुहेरी टाक्याने.

या खेपेला फूटपट्टी न सांगता आला. बंदराच्या तोंडाशीच त्याने आपली लाँच आडवी लावली आणि परतणारी प्रत्येक होडी थांबवून जाळं वर ओढायला लावलं. झाडून सगळ्या झडपा शिवलेल्या निघाल्या. सगळ्यांचे परवाने हंगामापुरते जप्त झाले. धाकट्याची झडप तेवढी वाऱ्यावर फडफडत होती. फूटपट्टीने ती मोजली आणि सगळ्यांच्या देखत धाकट्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

त्या एका थापेने घात केला. संध्याकाळ व्हायच्या आत बंदराला कारण सापडलं होतं: एकाचीच झडप उघडी, म्हणजे त्यानेच खबर दिली.

होडी धक्क्याला लागताना दोर फेकला जातो, आणि धक्क्यावर जो असेल तो झेलतो. दोर कुणाचा हे बघायचं नसतं. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारेही झेलायचे. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा दोर पाण्यात पडला. त्याने तो ओढून घेतला, पुन्हा फेकला. धक्क्यावर दाढीवाला तांडेल उभा होता, त्याच्याभोवती आणखी पाचसहा जण होते. दोर त्यांच्या पायांपाशी आपटला आणि घसरत पाण्यात गेला. शेवटी धाकटा स्वतः धक्क्यावर उडी मारून उतरला. हे सगळं ती शेडच्या दारातून बघत होती.

तो तसाच शेडमध्ये आला. खिशातून हिरव्या धाग्याचे तुकडे काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवले.

“सुती आहे,” तो म्हणाला.

तिने एक तुकडा बोटांत धरून पाहिला.

“पहिल्याच ओढीला तुटला. परत शिवायला रीळ शोधत होतो, तेवढ्यात लाँच दिसली. तुकडे उपसून खिशात घातले म्हणून निभावलं.”

“मग सांग की त्यांना. तू खबर दिली नाहीस, धागा तुटला म्हणावं.”

“तुझा टाका तुटला असं सांगू? कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवलाच, तर पुढे काय? माझ्या बहिणीने माझ्या जाळ्यात सुती घातला आणि तुमच्या जाळ्यांत नायलॉन, असं सांगू?”

तिने मूठ मिटली. इतका साधा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. धाग्याला रंग देताना तिच्या डोळ्यांपुढे एकच परवाना होता. कासवांसाठी केलं असं म्हणावं, तर तेवढी खोटारडी ती नव्हती. कासव तिने जन्मात एकदाच नीट पाहिलं होतं, धक्क्यावर उलटं पडलेलं, मेलेलं. तेव्हाही तिला पहिली काळजी वाटली होती ती फाटलेल्या जाळ्याची.

“तू तोंड उघडायचं नाहीस,” धाकटा म्हणाला. “तुझी शेड त्यांच्याच जाळ्यांवर चालते. मला फितूर म्हणतायत, म्हणू देत. विसरतील.”

पण बंदर विसरलं नाही. खलाशी एकेक करून सोडून गेले. ज्या खलाशांसाठी झडप शिवायची होती, तेच गेले. फितुराच्या होडीवर चढायला त्यांना लाज वाटत होती. इंजिनवाला म्हातारा तेवढा राहिला, तोही बहुधा त्याला ऐकू कमी येत होतं म्हणून. बर्फवाला धाकट्याला बर्फ द्यायचा तो सगळ्यांत शेवटी, वितळायला लागलेला. धाकटा कुणाला काही बोलला नाही. तिच्याकडे आला की जाळ्यांविषयी बोलायचा, हवेविषयी बोलायचा, आणि तिने विषय काढला की उठून जायचा. त्याचे गाल बसले होते. हे आपण केलं, हा विचार तिला सुईच्या प्रत्येक टाक्याला टोचत होता.

एका दुपारी त्याची होडी आत येताना दिसली तशी ती सुई ठेवून उठली. धक्क्यावर परवाने गेलेले सगळे रिकामे उभे होते. दाढीवाल्याने होडीकडे पाठ फिरवली. दोर आला. तिने तो दोन्ही हातांनी झेलला, हिसक्यासरशी गुडघ्यांवर आली, पण सोडला नाही. खुंटाला वेढे देऊन तिने गाठ मारली.

“शेवटी बहिणीलाच यावं लागलं का?” दाढीवाला कुणाकडेही न बघता म्हणाला.

होडीवरून धाकटा तिच्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, नको म्हणून. तिने कमरेला खोचलेली सुती रीळ काढली आणि खुंटाच्या डोक्यावर ठेवली.

“याने शिवली होती त्याची झडप.”

दाढीवाल्याने रीळ उचलली. धाग्याचं टोक जिभेवर ओलं केलं, बोटांत चोळलं, मग दोन बोटांनी ओढलं. धागा तुटला. त्याने टोक शेजारच्याला दिलं, त्याने आणखी पुढच्याला. चोळून बघितल्यावर धागा कसला आहे, हे कुणालाही विचारावं लागलं नाही.

“त्याला माहीत होतं?” दाढीवाल्याने विचारलं.

“नाही. तो मला नायलॉनची रीळ देऊन गेला होता.”

“आणि आमच्यात?”

“नायलॉन. दुहेरी.”

“आमच्यात का नाही घातलास हा?”

तिला काहीही सांगता आलं असतं. तुम्हीच घट्ट शिव म्हणालात, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरंच होतं.

“सुचलं नाही,” ती म्हणाली.

दाढीवाल्याने रीळ जिथली तिथे ठेवली. तेवढ्यात होडीचं मागचं टोक धक्क्यापासून लांब जाऊ लागलं आणि म्हाताऱ्या इंजिनवाल्याने मागचा दोर फेकला. तो दाढीवाल्याने झेलला. निमूटपणे बांधला, हात विजारीला पुसले, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल एकेक करून शेडमध्ये आले. भांडण कुणी केलं नाही. खिळ्यावरचं आपलं जाळं प्रत्येकाने काढून घेतलं, अर्धवट शिवलेलं होतं त्यानेही. एकाने तर तिने लावून ठेवलेली सुई सोडवून पाटावर ठेवली. दुपारपर्यंत सगळे खिळे रिकामे झाले. शेड इतकी मोठी आहे हे तिला आजवर कळलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर धाकटा आला. खांद्यावरचं जाळं त्याने तिच्यापुढे टाकलं. ती सवयीने वरची रीळ शोधू लागली. रीळ नव्हती.

“कुठे फाटलंय?” तिने विचारलं.

“कुठेच नाही,” तो म्हणाला, आणि उलट्या टोपलीवर बसला.

तिने जाळं मांडीवर ओढून घेतलं आणि एका टोकापासून फाट शोधायला लागली.