पाटीवर एकच शब्द

मुलीने नवऱ्याच्या हाताखालून हात घातला आणि कीबोर्डवर आणखी एक शब्द ठोकला. ‘मफलर’.

“अगं, मफलर शोधणाऱ्याला मफलर विकत घ्यायचा असतो,” जावई म्हणाला. “त्याला बाबा कसे सापडतील?”

“पण त्यांच्या गळ्यात होता ना!”

लोकांची वेब-पानं गूगलच्या शोधात वर आणून देणं हा जावयाचा धंदा. शोधणारा जो शब्द टाइप करतो तो कीवर्ड. एका पानाला एक, फार तर दोन, असं तो गिऱ्हाइकांना बजावून सांगायचा. आज सासऱ्यांसाठी पान करताना त्याचीच अक्कल गहाण पडली होती. परवा सकाळी सासरे घराबाहेर पडले ते परतलेच नव्हते. पोलिसांत सांगून झालं, दवाखाने पालथे घालून झाले. आता बुडत्याला काडीचा आधार म्हणून हे पान. हरवलेले आजोबा, बेपत्ता वृद्ध, विसरभोळे गृहस्थ, पेंटर, टक्कल, मफलर. आत शब्द वाढत होते आणि बाहेर गारठा.

आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून लाकडावरचा निळा ठिपका नखाने खरवडत होती. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि घरातली एकही वस्तू त्याने शिंतोड्यावाचून सोडली नव्हती. त्यावरून तिने जन्मभर कटकट केली होती. आता ठिपका निघू लागला तसं तिने बोट मागे घेतलं.

“ते गिऱ्हाइकाला काय म्हणायचे, ठाऊक आहे?” ती म्हणाली. “दुकानातला सगळा माल पाटीवर लिहायचा नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. जाणाऱ्यायेणाऱ्याला एकच शब्द दिसला पाहिजे.”

“खरंय, आई.”

जावई एकेक शब्द पुसू लागला. मफलर गेला, टक्कल गेलं, पेंटर गेला. मुलीला हुंदका आवरेना. शेवटी ‘हरवलेले आजोबा’ एवढंच उरलं, आणि जावयाने कपाळ धरलं.

“यावर आधीच हजारो पानं आहेत. आपलं नवं पान त्या रांगेत कुठे दिसणार? बाबा ज्याला भेटतील तो काय टाइप करील, ते कळायला हवं. तो आधी नाव विचारणार. बाबा काय सांगतील?”

“नाव कुठे आठवतंय त्यांना!” मुलगी म्हणाली. “माझंसुद्धा नाही.”

आईने ठिपक्यावर तळहात ठेवला.

“बटमोगरी म्हणतील.”

“काय?”

“बटमोगरी कुठंय? मला बटमोगरीकडे सोडा. वर्षभर उठताबसता हेच चाललंय.”

मुलीचे डोळे पुसायचे राहून गेले. “तुला म्हणतात?”

“मला काय म्हणतात, लहानपणापासून ऐकलंयस की. ते ‘अगं ए’ आणि मी ‘अहो’.”

मग ती कोण? आईनेच सांगून टाकलं, शेजारपाजारची बातमी सांगावी तसं. लग्नाआधीची असेल. शुद्धीत होते तोवर अवाक्षर नाही. आता मात्र, येतेच आहे हं ती, असं म्हटलं की दोन घास खातात.

“म्हणून तर त्यांना कुणाकडे नेत नव्हते. तुमच्याकडेसुद्धा नाही.” तिचा आवाज फाटला. “चारचौघांत माझं हसं होईल म्हणून दाराला कडी घालून ठेवायचे मी. परवा ती नीट बसली नाही.”

मुलीने तिचा हात धरला. जावयाची बोटं अधांतरी राहिली.

“आई, हे सगळं जग वाचेल.”

“वाचू दे. लिहा. चांगल्या मोठ्या अक्षरांत.”

पान इंटरनेटवर गेलं. ‘हरवलेले आजोबा, बटमोगरीला शोधणारे’. खाली फोटो आणि मुलीचा नंबर.

पहिला फोन दुपारी आला.

“बटमोगरी आहे का हो? काय घमघमाट सुटलाय!” मागे कुणी फिदीफिदी हसलं.

मुलीने फोन आपटला. “काढून टाक तो शब्द! आईची किती शोभा करायची?”

“राहू दे,” आई म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ऊन उतरलं तेव्हा दुसरा फोन आला. कुठल्याशा बस डेपोच्या कँटीनमधली बाई धापा टाकत बोलत होती.

“इथे एक आजोबा आहेत. फोटोतलेच. कालपासून काही खात नाहीत, नुसतं बटमोगरी बटमोगरी करताहेत, म्हणून शोधलं. पण आता ते बसमध्ये चढायला निघालेत हो! धरलं की झिडकारतात. बस सुटेल आता. त्या बटमोगरी आहेत का तिथे?”

मुलीने आईकडे पाहिलं. आईने फोन घेतला.

“त्यांच्या कानाला लावा.”

पलीकडे इंजिन घरघरत होतं. मग अगदी जवळ ओळखीचा श्वास ऐकू आला.

“अहो,” असं ती म्हणणार होती. ते तिने गिळलं.

“अरे, मी बटमोगरी,” ती म्हणाली. “चढू नकोस. तिथेच बस. निघालेच मी.”