हरीशरावांचं नाक

सांगलीहून सुनेकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलेल्या हरीशरावांनी दुसऱ्याच दिवशी चहा बाजूला सारला.

"अरुंधती, ह्या पाण्याला बीट उकडल्याचा वास येतोय."

अरुंधती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. पाण्यात विरघळलेली, हवेत उडून जाणारी रसायनं शोधणं हेच तिचं रोजचं काम. ती जरा दुखावलीच. "बाबा, इथलं पाणी आम्हीच तपासतो. काही नसतं त्यात."

"नसेल. पण बीट आहे."

तीन दिवस हरीशराव विकतच्या बाटलीतलं पाणी प्यायले. मग वाद मिटवायला अरुंधतीने घरच्या पिण्याच्या, फिल्टर लावलेल्या जगमधलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं आणि मशीनला लावलं. कागदावर बारीकसं टोक उमटलं. जिओस्मिन! बीटाला मातकट वास येतो तो ह्याच्यामुळेच. लिटरमागे आठ नॅनोग्रॅम. म्हणजे अख्ख्या तरणतलावात साखरेचे चार दाणे.

तिचे बॉस डॉक्टर ब्रांट चष्मा सावरत म्हणाले, "आल्झो, तर मग हे आधी कोणी पकडलं?"

"माझ्या सासऱ्यांनी. घरी."

"कुठलं मॉडेल आहे?"

"एकोणीसशे त्रेपन्न," अरुंधती म्हणाली.

ब्रांटना खुलासा झाल्यावर त्यांनी हरीशरावांना ताबडतोब बोलावलं. अत्तर, तेल, पावडर काहीही लावायचं नाही, अशी अट होती. पन्नास वर्षांत प्रथमच बिनतेलाच्या डोक्याने, पण टाय लावून हरीशराव पोचले. समोर कोमट पाण्याचे पाच चंबू.

"काही नाही. हेही काही नाही. हां, हे बीट!" चौथ्यापाशी ते थबकले. "पाण्यात काही नाही, पण साहेबांनी कांदा खाल्लाय."

अरुंधतीने नाइलाजाने जर्मनमध्ये सांगितलं. ब्रांट लाल झाले. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते पुटपुटले.

बीटाचा चंबू घरच्या जगमधल्या पाण्याचा होता. थेट नळाचं पाणी अगदी स्वच्छ निघालं. म्हणजे दोष त्या जगच्या फिल्टरचा. वर्षभर न बदललेला, खिडकीतल्या उन्हात हिरवट पडलेला. तो अरुंधतीनेच हौसेने आणला होता. तिने घरी जाऊन मुकाट्याने तो फेकला. हरीशरावांनी "मी सांगितलं होतं" असं फक्त सहा वेळा म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी सांगलीला बायकोला, प्रभाताईंना, फोन लावला. "अगं, इथे माझ्या नाकाला मशीनच्या बरोबरीचा मान आहे!"

"हो का?" प्रभाताई म्हणाल्या. "मग दूध करपतं तेव्हा कुठे जातं ते नाक?"