ताडपत्रीखालचे तीन हिवाळे

मी एक जुना लाकडी डेक आहे. मित्रांनो, कॅनडात, विनिपेगमधल्या एका घराच्या मागच्या दाराबाहेर, गवतापासून हातभर उंच असा लाकडी ओटा होता ना, तोच मी. आता कुंपणाजवळ ढीग होऊन पडलो आहे. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मला राग आला आहे आणि तोच मी सांगणार आहे.

माझा जन्म सीडर नावाच्या सुगंधी लाकडाच्या फळ्यांतून झाला. मला बांधणारे पहिले मालक दर सप्टेंबरला माझ्यावरच्या कुंड्या उचलत, फटींतला पाचोळा काढत, मला धूत, कडकडीत वाळू देत आणि मग तेल पाजत. हिवाळाभर मी बर्फाखाली उघडाच असे. उघड्या लाकडाला वारा लागतो आणि ते वाळते, एवढेच माझे शास्त्र. पाहुणे माझे कौतुक करत आणि मी हरखून जाई.

मग घर विकले गेले आणि गंधार आला. हा मूळचा चिपळूणचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. बरोबर बायको अस्मिता आणि लहानगी ऊर्मी. अस्मिता स्वतः ब्रश घेऊन मला तेल लावायची. ऊर्मी माझ्यावरून गवतात उड्या मारायची. ते दिवस बरे होते. पुढे गंधारचे वडील, दादासाहेब, कायमचे राहायला आले. निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण छडी सुटली नाही, असा माणूस!

ऑक्टोबरात दिवाळी तोंडावर आली आणि दादासाहेबांना अंगण आठवले. इथे अंगण म्हणजे मीच. त्यांनी पाइप लावून मला धो धो धुतले आणि त्याच संध्याकाळी कुठूनशी एक निळी ताडपत्री आणली. अस्मिता दारात आली.

"गंधार, बाबांना सांग, डेक ओला आहे. चांगला ड्राय होऊ दे, मग ऑइल मारू. आणि कव्हर तर करायचंच नाहीये."

"चिपळूणला आगोटीत आम्ही दरवर्षी पडवीच्या पडवी ताडपत्रीत बांधतो," दादासाहेब म्हणाले. "पावसाळ्याची तयारी मला शिकवू नका."

"बाबा, हा पाऊस नाहीये. स्नो आहे."

"वरून पडतं ना? मग झाकायचं."

दोघांनी गंधारकडे पाहिले. मीही पाहिले. त्याला सगळे कळत होते, कारण मला तेल लावताना तोच अस्मिताला डबा धरून देत असे. पण वडिलांपुढे याची नेहमीच हाताची घडी, तोंडावर बोट. "माझी मीटिंग आहे," म्हणाला आणि बेसमेंटमध्ये पळाला.

दादासाहेबांनी ताडपत्री चारी बाजूंनी माझ्यातच खिळे ठोकून आवळली. मित्रांनो, ओल्या अंगाने कोणी तुम्हाला प्लास्टिकमध्ये शिवून टाकले तर कसे वाटेल? आतले पाणी गोठले, माझ्या फळ्या तडकल्या. एप्रिलमध्ये बर्फ वितळले, तरी "अजून पडतंय" म्हणून ताडपत्री मे संपेपर्यंत निघाली नाही. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. तिच्या पुढच्या दिवाळीलाही तेच. मी आतून काळा पडलो, मऊ झालो.

"आजोबा, इट स्मेल्स डिस्गस्टिंग!" ऊर्मी म्हणाली.

"लाकडाला वास येतोच," आजोबा म्हणाले.

तोवर घरातही कुजायला लागले होते. अस्मिता आणि दादासाहेब एकमेकांशी बोलेनासे झाले. जेवताना मीठ हवे असले तरी ते गंधारमार्फत मागायचे. आणि गंधार मीठ इकडून तिकडे करायचा, तेवढेच त्याचे शौर्य.

तिसऱ्या वसंतात ताडपत्री निघाली आणि ऊर्मी धावत आली. दारासमोरच्या फळीवरून तिने उडी घेतली. मित्रांनो, त्या फळीत काही उरले नव्हते, तरी मी जीव मुठीत धरून तिला तोलले. तिच्यामागून बार्बेक्यूची शेगडी उचलून गंधार आला. त्याच्यासाठी मला धरून ठेवावेसे वाटले नाही.

त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि घोटा मोडला.

"लाकूडच हलक्या प्रतीचं!" दादासाहेब ओरडले.

"तुम्ही कुजवलंत ते, बाबा," अस्मिता म्हणाली. अबोला धरल्यापासून ती त्यांच्याशी थेट बोललेले हे पहिले वाक्य.

मला उखडून इथे टाकले. आज नव्या फळ्या आल्या. अस्मिताने त्या मध्ये पट्ट्या घालून सुट्या सुट्या रचल्या आणि तेवढ्यात पाऊस भुरभुरू लागला. दादासाहेब तीच निळी ताडपत्री घेऊन बाहेर धावले. मी म्हटले, झाले, आता यांचीही पाळी.

कुबड्यांवर लंगडत गंधार दारात आला. "बाबा, नको. ती ताडपत्री खाली ठेवा. वारा लागू दे त्यांना."

"मला शिकवतोस?"

"हो."

दादासाहेबांनी ती ताडपत्री रागाने भिरकावली आणि कोणाकडेही न बघता आत निघून गेले.

हे 'नको' त्याने पहिल्याच दिवाळीला म्हटले असते, तर आज मी त्याच्या पायाखाली धडधाकट उभा असतो. म्हणून मित्रांनो, लाकूड आधी वाळवा, मग त्याला तेल द्या आणि वारा लागू द्या. आणि घरात कोणाला नको म्हणायचे असेल, तर फळी मोडायच्या आधी म्हणा. आणखी एक काम करा. भिरकावलेली ती ताडपत्री नेमकी माझ्याच ढिगावर येऊन पडली आहे. कोणीतरी ती तेवढी काढा.